मदत हवी आहे: ७ वर्षांच्या मुलाला मुतखडा, 'शॉक' देऊन फोडायचा म्हणतात. करावं का?

खानापूरची_आई

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. पावसाळ्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं. कुठं दुखतंय विचारलं की बेंबीवर बोट ठेवायचा, म्हणून जवळच्या दवाखान्यात जंताचं औषध दिलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्या महिन्यात एका सकाळी न्हाणीतल्या पांढऱ्या फरशीवर त्याची लघवी गुलाबी दिसली. मी तिथंच हबकले. त्याच दिवशी हट्ट धरून सोनोग्राफी करून घेतली. डाव्या मूत्रपिंडात ११ मिलिमीटरचा खडा निघाला. पोरगं चार महिने खरं सांगत होतं आणि मी त्याला शाळा चुकवतोस म्हणून रागावत होते. हे मनातून जात नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, चिरफाड नको, बाहेरून शॉक वेव्हनं खडा फोडू. पण वय लहान, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागेल. घरी हे सांगितल्यावर सासूबाई रडायलाच लागल्या, "एवढ्याशा पोराला करंट लावतात व्हय?" त्या रोज हुलग्याचं कढण देतात, शेजारच्या काकू पाणफुटीची पानं आणून देतात. नवरा गोव्याला कामाला, फोनवर "तू म्हणशील तसं" म्हणतो. म्हणजे ठरवायचं मलाच.

करंट असतो का हा? भुलीचा धोका किती? मूत्रपिंडाची वाढ खुंटते का? एकदा करून भागतं का? आणि डॉक्टरांनी अजून एक विचारलं, लग्न नात्यातलं का म्हणून. होय, सख्ख्या आतेभावाशी झालंय. त्याचा खड्याशी काय संबंध, हे विचारायचं धाडस झालं नाही.

निपाणीचा_बाबा

ताई, आधी एक सांगतो. स्वतःला दोष देऊ नका. लहान पोरं बेंबीच दाखवतात, आमचीही तशीच दाखवायची. मुलगी ९ वर्षांची असताना आम्ही हेच करून घेतलंय.

करंट अजिबात नाही. 'शॉक' हा शब्दच घात करतो. यंत्र पाण्यात दाबाच्या लाटा तयार करतं आणि त्या एका बिंदूवर गोळा करतं. आपलं अंग बरंचसं पाण्यासारखं, म्हणून लाटा कातडी-मांसातून सरळ जातात. खडा कठीण, तिथं त्या आदळतात आणि तो तडकत जातो. पाठीखाली पाण्याची मऊ उशी असते, तिला जेल लावतात. मी काचेतून बघत होतो, टक् टक् टक् असा एकसारखा आवाज येत होता. आईला हा आवाज तोंडानं काढून दाखवला, तेव्हा कुठं तिची भीती गेली. तुमच्या सासूबाईंनाही असंच समजावून बघा.

मुलीच्या लघवीत दीड दिवस रक्त होतं. हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. एका खेपेत खडा पूर्ण फुटला नाही, दुसरी खेप घ्यावी लागली. मनाची तयारी दोन खेपांची ठेवा.

मिरजेची_भूलतज्ज्ञ

मी मुलांना भूल देते, म्हणून सविस्तर लिहिते.

मोठा माणूस शॉक वेव्हच्या वेळी थोड्या औषधावर निजून राहतो. मूल हलतं आणि खडा नेमातून सुटतो. शिवाय टोचतंही. म्हणून भूल. भुलीत धोका शून्य असतो असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. पण एरवी निरोगी मुलात, मुलांना नेहमी भूल देणाऱ्या माणसाच्या हातात, तो फार कमी असतो. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढं ढकलू. आधीचं घन खाणं किमान ६ तास बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पहाटे आजीनं मायेनं बिस्किट भरवलं आणि ते लपवलं, तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या सगळ्यांना हे बजावून ठेवा.

हे तंत्र नवं नाही. म्युनिकमध्ये १९८० साली माणसावर पहिल्यांदा वापरलं, तेव्हा रोग्याला पाण्याच्या टबात बसवत. त्याच दशकात मुलांवरही सुरू झालं. मुलांची मूत्रवाहिनी आखूड आणि लवचीक असते, त्यामुळे चुरा मोठ्यांपेक्षा सहज उतरतो. २० मिलिमीटरच्या आतल्या खड्याला म्हणूनच आधी याचा विचार करतात. वाढ खुंटण्याबद्दल: अशा मुलांचा पुढं पाठपुरावा झालाय, मूत्रपिंडाची वाढ थांबल्याचं दिसलेलं नाही.

डॉक्टरांना हे मात्र नक्की विचारा. लघवीचा कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, झाला का? जंतुसंसर्ग असताना खडा फोडायचा नसतो. रक्त गोठण्याची तपासणी झाली का? खड्याच्या खालची वाट मोकळी आहे का? आणि लहान मुलाचं फुप्फुस मूत्रपिंडाच्या अगदी जवळ असतं, त्याला लाटांपासून आडोसा देणार का?

आता नात्यातल्या लग्नाचं. सिस्टीन नावाच्या पदार्थाचे खडे आनुवंशिक असतात, ऑक्सलेट हा खडा बनवणारा पदार्थ अतिशय वाढवणारा एक आजारही तसाच. सदोष जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलं तरच आजार होतो. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, म्हणून ते दोघांतही असण्याची शक्यता वाढते. यात तुमचा गुन्हा काही नाही, आपल्या भागात घरोघरी अशी लग्नं आहेत. पण उत्तर महत्त्वाचं आहे, कारण सिस्टीनचा खडा शॉक वेव्हला दाद देत नाही. तसा निघाला तर दुर्बिणीनं काढणं बरं पडतं. तेव्हा लघवीतलं सिस्टीन तपासा म्हणून आधीच सांगा. आणि घरात कुणाला लहानपणी खडे झाले होते का, हे सासूबाईंनाच विचारा, जुनं त्यांनाच आठवेल.

उचगावचा_गुरुजी

मी प्राथमिक शिक्षक. तुमच्या मुलाची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते का, ते बघा. आमच्या वर्गात निम्म्या मुलांची तशीच येते. विचारलं तर खाली मान घालून सांगतात, "संडास घाण आहे सर, मग पाणीच नको." ही गोष्ट मला झोपू देत नाही. केरळात २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली, तशी मी वर्गापुरती सुरू केलीय, पण आधी संडास धुऊन घ्यावा लागला. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटाच.

आणि दूध बंद करू नका. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध तोडतात, उलट आतड्यात ऑक्सलेट बांधून ठेवायला कॅल्शियम लागतं. तोडायचं ते मीठ: पापड, लोणचं, पुड्यातलं खारं.

सीमावासी_८६५

खर्चाचं बघा. बीपीएल कार्ड असेल तर आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेसाठी आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल घ्या, थेट खासगीत गेलात तर अडतं. कोल्हापूर-मिरजेकडं जाणार असाल तर महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचं ठरवलंय. यादीत गाव आहे का बघा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

खानापूरची_आई

सगळ्यांचे लई उपकार. बाटली बघितली. भरलेलीच होती. चार घोट कमी.

कल्चरमध्ये संसर्ग निघाला, म्हणून आधी औषध चालू केलंय, शॉक वेव्ह त्यानंतर. सिस्टीन तपासलं, नाही निघालं. सासूबाईंना टक् टक् आवाज काढून दाखवला, तर म्हणाल्या, "मग मी पण येते." कढण द्यायचं का?

मिरजेची_भूलतज्ज्ञ

द्या की, तेवढंच पाणी पोटात जातं. मीठ कमी घाला. ११ मिलिमीटरचा खडा त्यानं विरघळणार नाही, एवढं लक्षात असू द्या. पाणफुटी मात्र सध्या नको.

नंतर थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. चुरा वाटेत अडकला असेल.

खानापूरची_आई (पाच आठवड्यांनी)

झालं. एकच खेप. घरी आल्यावर जुन्या चहाच्या गाळणीतून लघवी गाळत होतो. तिसऱ्या दिवशी तांबूस, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण मिळाले. सासूबाईंनी ते धुऊन कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले, तेच तपासणीला दिले. कॅल्शियम ऑक्सलेट आलं. कालच्या सोनोग्राफीत काही उरलेलं नाही.

आता २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितलीय. सुरुवात कधी करायची?

निपाणीचा_बाबा

रविवार धरा, शाळा नसते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, सोमवारी त्याच वेळेची पहिली धरून. जेवण रोजचंच द्या, त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पाजू नका, नाहीतर आकडे खोटे येतील. एक जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून.