विषय: रविवारची साडी अदलाबदल – ब्लाउज आणू नयेत

मंडळी, हॉल दुपारी १ ते ४ मिळालाय. एक साडी आणा, एक न्या. फक्त साड्या! गेल्या खेपेचे ब्लाउजचे दोन खोके अजून माझ्या गॅरेजात पडलेत.
– कार्यवाह

> फक्त साड्या!
असं कसं? साडी आईलाही होते, लेकीलाही. अडतं ते ब्लाउजपाशीच. लेझीमच्या १४ मुली आहेत, मागच्या वर्षीच्या शिवलेल्या नऊवाऱ्या आता घोट्याच्या वर जातात. दीड तासाच्या मिरवणुकीसाठी दरवर्षी नवं कोण घेणार? मला हिरवे ब्लाउज हवेतच.
– लेझीमवाली ताई

ब्लाउज उलटा करून आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघा. माझ्या दादरच्या शिंप्याने दोन बोटं सोडली होती, लग्नातला ब्लाउज दोनदा उसवून मोठा केला. हल्लीच्या रेडिमेडला मायाच नसते, ते आणूच नका. आणि रेशमी साड्या उजेडात धरून तपासा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं घडीवर चिरतं. जरतार काळी पडली म्हणून मात्र टाकू नका, जुनी असेल तर चांदीची निघेल.
– हॅरोच्या काकू

दादरचा कुठला शिंपी? आमच्याकडे आईने माझी चांगली पँट बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं. पातेलं अजून आहे.
– काका

वहिनी, विषय साड्यांचा आहे तरी विचारते, बाळाचे कपडे चालतील का? सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचे नकोत.
– नवी सभासद

अगं, आपल्याकडे पहिलं झबलं जुन्या लुगड्याचंच शिवायचे! नव्या कापडाची खळ टोचते. सासूबाईंना त्यांचं स्वतःचं कशाचं होतं ते विचार. आण तू.
– हॅरोच्या काकू

बाळाच्या कपड्यांना टेबल कुठलं? चारच आहेत, आणि एक मी हिशेबाला सांगून ठेवलंय. कुणी परस्पर दोन-दोन पाउंड गोळा करायचे नाहीत. पाडव्याला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
– कोषाध्यक्ष

पाडव्याचे पैसे मी दुसऱ्याच दिवशी दिले होते. असो. ब्लाउज आणा, पण माया असलेलेच. मापाची चिठ्ठी टाचा. उरलेले ज्याचे त्याने ४ वाजता घरी न्यायचे.
– कार्यवाह

गॅरेजातल्या त्या दोन खोक्यांत हिरवे किती आहेत?
– लेझीमवाली ताई