"गरीब पण सुखी" स्कॉटिश शेतमजूर? काहीही!

मोरपीस७२: चहाबाज यांची परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला स्कॉटलंडचा शेतमजूर बघा, दगडी घर, ओट्स, दूध, पोरं शाळेत, ना ईएमआय ना ट्रॅफिक. अहो ते घर मालकाचं! वर्षाचा करार मे महिन्यात संपला की भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं गाडीत घालून दुसऱ्या फार्मवर. याला 'फ्लिटिंग' म्हणायचे. कपाटासारखे बंद लाकडी पलंग तेवढे स्वतःचे, तेच खोलीत मधे उभे केले की झाली भिंत. 1861 च्या जनगणनेत देशातली जवळपास एक तृतीयांश घरं एका खोलीची होती.

चहाबाज: त्यात ग्लासगोच्या चाळी पण आल्या, सोयीचं तेवढं उचलू नका. मजुरीत ओटचं पीठ, बटाटे, दूध मिळायचं म्हणजे महागाई वाढली तरी ताटात फरक नाही. आणि मालक पटला नाही तर फीइंग मार्केटला, म्हणजे गडी ठरवायच्या बाजारात जायचं, हातावर शिलिंग पडला की नवीन सौदा पक्का. आम्हाला नोटीस पिरियडच तीन महिने!!

हळदीकुंकू: बॉन्डेजरबद्दल कुणी बोलणारे का? बॉर्डर्स आणि लोथियनकडे लग्न झालेल्या नांगऱ्याला, म्हणजे 'हाइंड'ला, काम हवं तर सोबत एक बाई शेतावर द्यावी लागायची, तीच बॉन्डेजर. बायकोच्या कडेवर तान्हं असेल आणि पोरगी लहान असेल तर बाहेरची बाई ठेवा, तिला त्याच खोलीत झोपवा. थंडीत गोठलेले सलगम उपटायला तीच.

चहाबाज: तिला पैसे मिळायचे की.

हळदीकुंकू: द्यायचं कोण, हाइंड! शेतकरी भरलेल्या दिवसांचेच मोजणार, पावसात काम बंद तर पैसे बंद, हाइंडनं मात्र तिचा ठरलेला पगार आणि जेवण द्यायचंच.

रानवाट: माझे आजोबा सालगडी, पाडवा ते पाडवा. साल आजोबांचं ठरायचं, आजी मालकाच्या गोठ्यात शेणघाण काढायची ती हिशोबातच नाही. आजही ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायको, एकट्या गड्याला उचल कोण देतंय?

चहाबाज: विषय स्कॉटलंडचा चाललाय, ऊस कुठून आला?

रानवाट: तुमचा नोटीस पिरियड कुठून आला मग?

मोरपीस७२: 😂 आणि ते ओट्स. अँगस-पर्थशायरकडे बिनलग्नाचे गडी बॉथीत, म्हणजे फार्मवरच्या गड्यांच्या खोलीत राहायचे. लाकडी वाडग्यात पीठ, मीठ, वरून उकळतं पाणी, चमच्याच्या दांड्यानं ढवळलं की जेवण. सकाळी तेच, रात्री तेच.

चहाबाज: आठवड्याला साधारण 8 किलो पीठ मिळायचं माणशी! आज मॉलमधे भाव बघून या.

मोरपीस७२: 8 किलो दिलं कारण दुसरं काही द्यायचंच नव्हतं. आणि शाळेचं म्हणाल तर 1872 च्या कायद्यानं 5 ते 13 वयाची सक्ती आली खरी, पण दर मे महिन्यात बिऱ्हाड हललं की पोरगं परत नव्या बाकावर.

चहाबाज: बरं बाई, शाळेचं मान्य. 'सुखी' पण खोडतो, खूश? पण मालक बदलायची सोय होती हे मी सोडणार नाही.

मोरपीस७२: होती, तेही चांगल्या नांगऱ्याला. एवढं देते तुम्हाला.

हळदीकुंकू: बॉन्डेजरचं उत्तर अजून आलेलं नाही.