मदत हवी आहे: लेकाची चालण्याची तपासणी परवावर आली, तयारी कशी करून घेऊ?

कावेरी_म
परवा सकाळी लेकाची चालण्याची तपासणी आहे. फोनवर एवढंच सांगितलं, "हाफ पँट आणा, दोनतीन तास लागतील." मागच्या वेळी नवीन माणसं बघून तो माझ्यामागे तोंड लपवून उभा राहिला, एक पाऊल टाकलं नाही. तसेच परत आलो. या वेळी तसं व्हायला नको. आठवडाभर रोज "टाच टेकव, नीट चाल" म्हणून सराव घेतेय, पण दहा पावलं झाली की पुन्हा चवड्यांवर. काय करू? लवकर सांगा.

पायवाट
वय किती? निदान काय? स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारे साचे, आहेत का? आणि तपासणी कुठली, गेट लॅबमधली, म्हणजे चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेतली, कॅमेऱ्यांची की सहा मिनिटं चालायला लावतात ती? सहा मिनिटांच्या चाचणीत किती अंतर कापलं ते मोजतात, पाऊल कसं पडतं ते नाही.

निवांत७२
आमच्या मुलीचे तळवे सपाट होते. कमानीचे इनसोल घातले आणि खूप फरक पडला. आधी बूट बदलून बघा.

पायवाट
निवांत, सपाट तळव्यांचं कुणी विचारलंय? मूल चवड्यांवर चालतंय.

कावेरी_म
घाईत राहिलं. सात वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांत, डाव्यात जास्त. स्प्लिंट शाळेत घालतो. कॅमेऱ्यांचीच तपासणी आहे.

दुडूदुडू
आमची दोनदा झाली आहे. आधी टेबलावर झोपवून सांधे किती वळतात, स्नायूंत जोर किती, कडकपणा किती ते बघतात. मग कंबर, मांडी, गुडघा, घोटा, पाऊल अशा जागी चकचकीत छोटे गोळे दुहेरी टेपने चिकटवतात. कॅमेरे तेवढे गोळेच टिपतात. मग अनवाणी पुन्हापुन्हा येरझारा, नंतर स्प्लिंट घालून. आमच्याकडे स्नायूंचे सिग्नल बघायला पॅचही लावले होते, तेही वरूनच, सुई नव्हती. दुखलं काहीच नाही, टेप काढताना तेवढी कुरकुर. माझी लेक सगळ्यात जास्त चिडली ती फक्त चड्डीवर उभं राहायला लागलं म्हणून. घट्ट शॉर्ट्स घरीच घालून बघा, त्यावरच फिरू दे. आणि त्या दिवशी पायांना तेल, क्रीम काही लावू नका, गोळे सुटतात.

धावपळ_बाबा
सकाळी निघण्याआधी अर्धा तास चांगलं स्ट्रेचिंग करून न्या. आमचा मुलगा त्यानंतर मस्त टाच टेकतो. रिपोर्ट चांगला येईल.

सांधा_आणि_स्नायू
मी फिजिओ आहे, मुलांबरोबरच काम करते. धावपळ, कृपा करून हे सांगू नका. ही परीक्षा नाही. ऑपरेशन करायचं का, कुठल्या स्नायूचं, स्प्लिंट बदलायचा का, हे त्या आकड्यांवर ठरतं. मूल एरवी चालतं तसंच दिसलं पाहिजे. रोजचं स्ट्रेचिंग रोजच्यासारखंच करा, जास्तीचं नको. कावेरीताई, "टाच टेकव" आजपासून बंद. जमिनीत बसवलेल्या पट्ट्या पावलाचा जोर मोजतात, त्या कुठे आहेत तेही त्याला दाखवू नका. मुलं नेम धरून पाऊल टाकतात आणि ते मोजमाप वाया जातं.

धावपळ_बाबा
मी दहा वर्षं हेच करतोय. मूल चांगलं चालू शकतं हे डॉक्टरांना दिसायला नको का?

सांधा_आणि_स्नायू
ते विचारतील तेव्हा तोंडी सांगा. ताई, पोटरीत बोटॉक्स दिलंय का कधी? शेवटचं केव्हा?

कावेरी_म
हो, सहा आठवड्यांपूर्वी, दोन्ही पोटऱ्यांत. फोनवर त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

सांधा_आणि_स्नायू
मग बाकी सगळं सोडा आणि आत्ता फोन करा. बोटॉक्सचा जोर साधारण तीनेक महिने असतो, म्हणजे सध्या तो ऐन भरात आहे. आत्ता जे दिसेल ते त्याचं नेहमीचं चालणं नाही. घ्यायची की थांबायचं, ते त्यांना ठरवू दे. जाल तेव्हा जुने एक्स-रे, आधीच्या उपचारांचे कागद, स्प्लिंट आणि ज्यात स्प्लिंट बसतात ते बूट, सगळं न्या.

निवांत७२
बोटॉक्स सुरकुत्यांसाठी असतं ना?

पायवाट
कडक स्नायू सैल करायलाही देतात. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे परवाची घाई आहे.

कावेरी_म
फोन झाला. तारीख तीन महिने पुढे गेली. आधी रडूच आलं, सुट्टी काढली होती. आता वाटतंय बरं झालं. काल गोल स्टिकर आणले. त्याने ते माझ्या गुडघ्यांवर, घोट्यांवर चिकटवले आणि मला खोलीभर चालायला लावलं, भिंतीपर्यंत आणि परत, मोबाइलवर शूटिंग करत. मग स्वतःहून म्हणाला, आता मला लाव. लावताना विचारलं, "आई, मग मी नीट नाही चाललो तरी चालेल?" हो म्हटलं. आठवडाभर मी त्याला नेमकं उलटं सांगत होते.