विधानसभाध्यक्षांनाच पक्षातून आव्हान: टेक्सासमधील फेलन–कोव्ही लढत कशी समजून घ्यावी?

सातारकर:

नमस्कार. अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांविषयी वाचत असताना 2024 मधील एका लढतीपाशी मी अडकलो आहे. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे अध्यक्ष डेड फेलन हे रिपब्लिकन पक्षाचे होते. त्यांच्या 21 क्रमांकाच्या मतदारसंघात त्यांच्याच पक्षातील डेव्हिड कोव्ही हे ‘अधिक खरे पुराणमतवादी’ म्हणून उमेदवारीसाठी उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीशी डोनाल्ड ट्रम्प, राज्याचे नायब राज्यपाल डॅन पॅट्रिक व महाधिवक्ता केन पॅक्स्टन हे तिघेही होते. 5 मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, कोव्ही पुढे राहिले; पण 28 मेच्या दुसऱ्या फेरीत फेलन चारशेपेक्षाही कमी मतांनी वाचले.

आपल्याकडे विद्यमान आमदाराचे तिकीट कापायचे असेल, तर ते पक्षश्रेष्ठी कापतात आणि नाराज माणूस बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरतो. इथे तसे काहीच दिसत नाही. फेलन पुरेसे उजवे नव्हते, असा मतदारांचा आक्षेप होता का? शिवाय मार्चमध्ये पुढे असलेला उमेदवार मेमध्ये मागे का पडला? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आकडेमोड:

एबी फॉर्म देणारे श्रेष्ठी टेक्सासमध्ये नाहीतच, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी 750 डॉलर शुल्क भरून किंवा त्याऐवजी मतदारांच्या सह्या गोळा करून कोणीही पात्र व्यक्ती पक्षाच्या प्रायमरीत उतरू शकते, मग समोर अध्यक्ष असोत की नवखा सदस्य. मुदत दोनच वर्षांची असल्यामुळे विद्यमान प्रतिनिधीला एक निवडणूक संपताच पुढचीची चिंता सुरू होते. उमेदवारी मिळवण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. ती कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मार्चमध्ये कोव्ही यांना सुमारे 46 टक्के, फेलन यांना सुमारे 43 टक्के आणि तिसऱ्या उमेदवाराला दहा टक्क्यांच्या आसपास मते पडली, म्हणून प्रकरण मेपर्यंत गेले. नोव्हेंबरमध्ये फेलन यांच्यासमोर डेमोक्रॅटिक उमेदवारच नव्हता, त्यामुळे या जागेची खरी निवडणूक मे महिन्यातच संपली होती.

आता ‘पुरेसे उजवे’ या मुद्द्याविषयी. फेलन जानेवारी 2021 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी गर्भपातावर कडक निर्बंध घालणारा कायदा व परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा कायदा, असे दोन्ही त्यांच्या सभागृहाने मंजूर केले. अशा माणसाला मवाळ ठरवणे धोरणांच्या आधारे अवघड होते, म्हणून भांडण सभागृह चालवण्याच्या पद्धतीवर आले. एक तक्रार अशी होती, की ते जुन्या प्रथेप्रमाणे काही समित्यांचे अध्यक्षपद डेमोक्रॅट सदस्यांना देतात. त्याहून मोठी तक्रार महाभियोगाची होती. मे 2023 मध्ये प्रतिनिधिगृहाने पॅक्स्टन यांच्यावर 121 विरुद्ध 23 मतांनी महाभियोग चालवला, आणि सप्टेंबरमध्ये वरच्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, त्यांना निर्दोष सोडले. सिनेटमधील त्या सुनावणीचे अध्यक्षस्थान पॅट्रिक यांच्याकडे होते. सुटका झाल्यावर पॅक्स्टन यांनी महाभियोगाच्या बाजूने मते दिलेल्या स्वपक्षीयांविरुद्ध जो मोर्चा उघडला, त्यात फेलन यांचे नाव सर्वांत वर असणे स्वाभाविकच होते. फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने फेलन यांच्याविरुद्ध निंदाव्यंजक ठरावही केला. पण त्यांचे नाव मतपत्रिकेवरून काढण्याचा अधिकार तिला नव्हता.

सबाइनकाठ:

मी याच मतदारसंघात राहतो, तेलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करतो. माझे अजून ग्रीन कार्ड असल्याने मला मत नाही, परंतु पत्नी नागरिक आहे आणि तिच्या नावाने येणारी प्रचारपत्रके आमच्या टपालपेटीत मावत नव्हती. जाड, चकचकीत, वहीच्या पानापेक्षा मोठी अशी ती पत्रके जवळजवळ रोज येत. त्यांत महाभियोगाचा उल्लेख अधूनमधून असे, पण भर असायचा तो मेक्सिकोच्या सीमेवर, जी इथून गाडीने दिवसभराच्या अंतरावर आहे. एका पत्रकात फेलन यांचा चेहरा दुसऱ्याच नेत्याच्या धडावर बसवून ते डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसींना मिठी मारत असल्याचे चित्र तयार केले होते. त्याची बातमी राज्यभर गाजली. पुढे 2025 च्या अधिवेशनात फेलन यांनी राजकीय जाहिरातींतील अशा फेरफार केलेल्या चित्रांवर तशी सूचना छापणे बंधनकारक करणारे विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केले, तरी त्याचा कायदा झाला नाही.

मार्च आणि मे यांतील फरक मला जवळून असा दिसला. फेलन हे बोमाँटचे, म्हणजे जेफरसन काउंटीतले. त्यांचे घराणे तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे. कोव्ही शेजारच्या ऑरेंज काउंटीतील पक्षाचे माजी अध्यक्ष, त्यामुळे बैठका भरवणारे, दारोदार फिरणारे कार्यकर्ते त्यांना आयतेच मिळाले, आणि पहिल्या फेरीत ही फळी फेलन यांच्या सुस्तावलेल्या यंत्रणेला भारी पडली. ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवर असल्याने मार्चमध्ये त्यांचे पाठीराखेही मोठ्या संख्येने बाहेर पडले होते. मेमध्ये वर ओढून नेणारी मोठी लढत नव्हती. अशा वेळी ज्याला आपला प्रत्येक मतदार नावानिशी ठाऊक असतो, त्याचे पारडे जड होते. फेलन यांनी त्या अकरा-बारा आठवड्यांत सीमा व महाभियोग बाजूला ठेवून एकच गोष्ट लावून धरली: राज्याच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाताशी आहे, असा आपला माणूस घालवू नका. 2017 च्या हार्वे वादळात हा सारा भाग पाण्याखाली होता. किनाऱ्यावरील पूरसंरक्षण, लामार विद्यापीठ, बंदर, यांसाठी राज्याची राजधानी ऑस्टिनहून पैसा येतो तो अध्यक्षपदामुळे, हा युक्तिवाद इथे पोकळ वाटत नाही. माजी राज्यपाल रिक पेरी त्यांच्यासाठी प्रचाराला आले, त्याचाही जुन्या मतदारांवर परिणाम झाला असावा.

पैशाविषयी एवढेच सांगतो, की टेक्सासमध्ये अशा निवडणुकीत व्यक्तीने द्यायच्या देणगीवर मर्यादाच नाही. वर्षाला 7,200 डॉलर पगाराच्या या जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून लक्षावधी डॉलर ओतले, आणि त्यांतला मोठा भाग मतदारसंघाबाहेरून आला.

सातारकर:

दोघांचेही आभार. कोव्ही यांच्या समर्थकांचे म्हणणे असे वाचले, की डेमोक्रॅट मतदारांनी रिपब्लिकन फेरीत शिरून फेलन यांना तारले. यात किती तथ्य आहे? आणि इतके करून शेवटी हाती काय आले?

मुंबई_ते_ऑस्टिन:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात अर्धेच मिळते. टेक्सासमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. मतदानकेंद्रावर गेल्यावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी, ते सांगायचे असते. मात्र ज्याने मार्चमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिले, त्याला मेमध्ये रिपब्लिकन फेरीत मत देता येत नाही. मार्चमध्ये घरी बसलेल्याला ती आडकाठी नाही. सुमारे 25 हजार मतांच्या लढतीत चारशेच्या आतील फरक अशा मतदारांमुळे पडला असणे शक्य आहे; पण तितकेच मत सबाइनकाठ यांनी सांगितलेल्या पूरसंरक्षणाच्या मुद्द्यानेही हलले असेल, आणि दोहोंना वेगळे काढण्याचे साधन कोणाकडेच नाही. हरलेल्या बाजूला एकच कारण पुरते, म्हणून ते खरे ठरत नाही. त्याच मे महिन्यात, दुसऱ्या फेरीच्या काही दिवस आधी, पक्षाच्या राज्य अधिवेशनाने प्रायमरी केवळ रिपब्लिकन मतदारांपुरती ठेवण्याचा नियम संमत केला, यावरून ही शंका पक्षात किती खोल होती, ते दिसते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझे मत ठाम आहे. कोव्ही ती जागा हरले, तरी ज्या मोहिमेचा ते भाग होते, तिने आपले बरेचसे काम करून घेतले. त्या वर्षी प्रायमरी व दुसरी फेरी मिळून 15 विद्यमान रिपब्लिकन प्रतिनिधी पडले. फेलन यांनी डिसेंबर 2024 मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्याच गटाचे समजले जाणारे डस्टिन बरोज 85 विरुद्ध 55 मतांनी अध्यक्ष झाले. त्यांच्या 85 मतांपैकी 49 डेमोक्रॅटांची होती. परंतु समित्यांचे अध्यक्षपद डेमोक्रॅटांना देण्याची प्रथा त्याच महिन्यात नियम करून संपवण्यात आली. म्हणजे व्यक्ती आव्हानवीरांच्या पसंतीची आली नाही, त्यांची मागणी मात्र नियमांत उतरली.

खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा देणाऱ्या व्हाउचर योजनेचेही तेच झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये 21 रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांच्या साथीने ती 84 विरुद्ध 63 मतांनी विधेयकातून वगळली होती. ग्रामीण टेक्सासमध्ये सरकारी शाळा ही अनेकदा गावातील सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था असते, आणि खासगी शाळा जवळपास नसतेच. त्यांचा विरोध तिथून आलेला होता. राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी त्यांतील अनेकांविरुद्ध उमेदवारांना बळ दिले, आणि पेनसिल्व्हेनियातील गुंतवणूकदार जेफ यास यांनी ॲबट यांना 60 लाख डॉलर दिले. फेलन यांच्या लढतीत ॲबट उतरले नव्हते, हा भेद ध्यानात ठेवावा. दोन वेगळ्या मोहिमा एकाच हंगामात चालल्यामुळे त्या एकच वाटतात. एप्रिल 2025 मध्ये हीच योजना प्रतिनिधिगृहात मंजूर झाली, तेव्हा विरोधात मत देणारे रिपब्लिकन दोनच होते: गॅरी व्हॅनडीव्हर आणि डेड फेलन. आदल्या वर्षी दुसऱ्या फेरीत सापडलेल्या विद्यमान प्रतिनिधींपैकी वाचलेलेही हेच दोघे. 3 मे 2025 रोजी ॲबट यांनी एक अब्ज डॉलरच्या त्या कायद्यावर सही केली.

सातारकर, आपणांस आव्हानवीराची मोहीम नेमकी कशी चालते हे अभ्यासायचे असेल, तर फेलन यांच्यापेक्षा 60 क्रमांकाचा मतदारसंघ पाहावा, असे मी सुचवेन. अध्यक्षपद, जुने घराणे, अमाप निधी, असे काही तिथे नव्हते. ग्लेन रॉजर्स हे पशुवैद्य व पशुपालक प्रतिनिधी. 2022 मध्ये माइक ओल्कॉट यांच्याविरुद्ध दुसऱ्या फेरीत ते थोडक्यात वाचले, तेव्हा ॲबट त्यांच्या बाजूने होते. नंतर रॉजर्स यांनी व्हाउचरविरुद्ध आणि महाभियोगाच्या बाजूने मत दिले. 2024 मध्ये ॲबट, पॅक्स्टन आणि ट्रम्प तिघेही ओल्कॉट यांच्यामागे उभे राहिले, आणि रॉजर्स मार्चमध्येच मोठ्या फरकाने पडले. उमेदवार तेच, मतदारसंघ तोच, दोन वर्षांत बदलले ते पाठबळ.