शब्दचर्चा: दाटी, गर्दी आणि घनता

प्रश्न: 'हाउसिंग डेन्सिटी'ला मराठीत काय म्हणावं? बेळगावात वॉर्डाच्या बैठकीत पाणी, गटार, कचऱ्याच्या खर्चावर बोलायचं आहे. 'गृहघनता' चालेल का?

उत्तर: कागदावर चालेल, पण बैठकीत तो शब्द कुणाच्या तोंडी बसणार नाही. 'दाट वस्ती' रोजच्या बोलण्यातला आहे, तोच घ्या. मोजून सांगायचं तर 'एकरी घरं'. उसाचं एकरी टनेज सांगणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मात्र दाटी आणि गर्दीची गल्लत नको. गणपत गल्लीत सणाच्या आदल्या दिवशी असते ती गर्दी, रात्री ओसरते. दाटी घरांची, ती ओसरत नाही. एका खोलीत आठ माणसं राहतात त्याला आपण 'घर अडचणीचं आहे' म्हणतो, ते आणखी वेगळं.

खर्चाचा संबंध दाटीशी आहे. 100 मीटरचा रस्ता धरा. नव्या लेआउटात (आखून पाडलेल्या वसाहतीत) 30 बाय 40 फुटांच्या साइटी, म्हणजे प्लॉट, 30 फुटांची बाजू रस्त्याला, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून 20-22. त्यातल्या निम्म्या रिकाम्या पडल्या असतील तर घरं 10-11. जुन्या गल्लीत 15 फुटी तोंडाची, भिंतीला भिंत लागलेली घरं तेवढ्याच लांबीत 40 च्या वर. पाइप तेवढाच, गटार तेवढंच, दिव्याचे खांब तेवढेच; वाटेकरी चौपट. म्हणून रिकाम्या साइटी वर्षानुवर्षं धरून ठेवणाऱ्यांवर जादा कर हवा, असं माझं ठाम मत आहे.

पण दाटीत सगळंच स्वस्त होत नाही. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाण्याचा मापदंड आहे. माणूस गल्लीतला असो वा लेआउटातला, तेवढं पाणी हिडकल धरणातून शहरात चढवायला वीज लागतेच. शिवाय बोळात जेसीबी शिरत नाही, खुदाई हातानं करावी लागते.

पुरवणी: कन्नड कागदांत 'जनसांद्रते' दिसेल, ती लोकसंख्येची घनता. 'वाहन दट्टणे' म्हणजे वाहनांची गर्दी. 'दट्ट' आपल्या 'दाट'सारखा ऐकू येतो म्हणून 'दट्टणे'चं भाषांतर डोळे झाकून 'दाटी' करू नका. आणि निवेदनात 'लोकसंख्या फार वाढली' असं मोघम लिहिण्याऐवजी आपल्या गल्लीतली घरं मोजून आकडा द्या.