सायलेन्सरचा आवाज मोठा नको, खोल हवा: मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे ३५० सीसीची, एका सिलिंडरची आणि फ्युएल इंजेक्शन असलेली मोटरसायकल आहे. मूळ सायलेन्सरचा आवाज मला फारच दबका वाटे, म्हणून दीड वर्षापूर्वी मी तो उतरवून त्याजागी आखूड, सरळ नळीचा सायलेन्सर बसवला. पहिले काही महिने आवाज अगदी मनासारखा होता. गाडी उभी असताना एकेक ठोका सुटा ऐकू यायचा आणि वेग घेताना तो छातीत घुमायचा. आता ८,००० किलोमीटरनंतर तोच आवाज रिकामा डबा बडवावा तसा कर्कश झाला आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटतात आणि ३,००० आरपीएमच्या खाली गाडी ओढत नाही (हे मात्र बसवल्या दिवसापासूनच आहे). शिवाय गेल्या दोन महिन्यांत पेट्रोल जास्त लागू लागले असून नळीच्या तोंडावरून बोट फिरवले तर काळीभोर काजळी लागते.

मला आवाज वाढवायचा नाही, त्याला खोली हवी आहे. एका मेकॅनिकने मूळ सायलेन्सर परत लावून त्याच्या मागच्या पडद्याला तीन भोके पाडण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याच्या मते ईसीयूचे (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते ठरवणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग, म्हणजे त्यातले आकडे, बदलल्याशिवाय यातले काहीच सुटणार नाही. दोघेही ठामपणे बोलतात, त्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे. भोके पाडल्याने आवाज खरोखर खोल होतो का, आणि आधी चांगला असलेला आवाज बिघडला कशाने, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

भोके पाडू नका. मूळ सायलेन्सरच्या आत पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात आणि आवाजाच्या लाटा त्यांत आपटून, उलट फिरून एकमेकींना मारतात. मागच्या पडद्याला भोक पाडले की शेवटचा कप्पा जवळजवळ निकामी होतो, आवाज नुसता मोठा आणि फाटका होतो, आणि पाडलेले भोक नीट बुजवता येत नाही. हा उद्योग मी स्वतः एकदा केला आहे. दोन मिनिटांच्या ड्रिलिंगनंतर वर्षभर ती गाडी घराच्या बरीच अलीकडे बंद करून ढकलत आणत असे.

तुमच्या सायलेन्सरची रचना निराळी आहे. त्यात मधोमध जाळीदार नळी असते आणि तिच्याभोवती ग्लास वूल (काचेच्या बारीक तंतूंचा कापूस) ठासलेले असते. हे वूल प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पट्टीचे आवाज शोषून घेते, त्यामुळे खालचा गंभीर ठोका तेवढा शिल्लक राहतो. तुम्हाला सुरुवातीला आवडलेला आवाज तोच. उष्णतेने आणि वायूच्या माऱ्याने वूल जळते, तुटते, नळीतून बाहेर उडून जाते आणि मग उरतो तो नळीभोवतीचा पोकळ पत्रा. मागच्या झाकणाचे रिबीट ड्रिलने काढा, आतली नळी बाहेर ओढा आणि नवे वूल भरा. ते सैल भरले तर पुन्हा उडून जाईल, फार ठासले तर शोषणार नाही. नळीला आधी स्टील वूलचा एक पातळ थर गुंडाळून त्यावर ग्लास वूल घेतल्यास ते जास्त टिकते. हातमोजे आणि मास्क न घालता या कामाला बसू नका, कारण त्या काचेच्या कुसांची खाज दोन दिवस जात नाही.

खोलीबद्दल एक मर्यादाही लक्षात घ्यावी. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. आवाजाचा पाया या ठोक्यांवर ठरतो. सायलेन्सर त्यावरचे कोणते सूर ठेवायचे आणि कोणते गाळायचे एवढेच करतो. २७० अंशांच्या क्रँकवर, म्हणजे ठोके असमान अंतराने पडतील अशा रचनेवर, चालणाऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची अडखळती गुरगुर या गाडीतून निघणार नाही, मग कितीही महागडी नळी लावा.

खालच्या आरपीएमला ओढ कमी होण्याचे कारण म्हणून ‘बॅक प्रेशर गेले’ असे सर्रास सांगितले जाते. इंजिनाला दाब नको असतो. नळीच्या उघड्या तोंडावरून परतणारी कमी दाबाची लाट व्हॉल्व्ह उघडे असताना नेमक्या वेळी पोहोचली, तर ती जळका वायू ओढून काढते. नळीची लांबी बदलली की ही वेळ दुसऱ्याच आरपीएमला जुळते. तोंडाशी बसणारी अरुंद पुंगळी, म्हणजे डीबी किलर, लावल्यास थोडा फरक पडेल आणि आवाजही आवरेल, पण गेलेली ओढ पूर्ण परत येईल असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, तरी फटाके आणि काजळी यांचा संबंध मला वूलशी वाटत नाही. सिलिंडर हेड आणि बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी) यांमधले गॅस्केट तपासा. सायलेन्सर बदलताना मागचा ब्रॅकेट आधी आवळला असेल, तर पाइप हेडवर तिरका बसतो. अशा फटीतून दोन ठोक्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसली की ईसीयू मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, असे समजून पेट्रोल वाढवतो. म्हणून काजळी आणि म्हणूनच खप. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाइपमध्ये उरलेले न जळलेले पेट्रोल त्याच हवेच्या साथीने पेटते. ही गळती असताना मॅपिंग केले, तर चुकीच्या आकड्यांवर दुसरे चुकीचे आकडे बसतील. गाडी पूर्ण थंड असताना जोडाभोवती काजळीची रेघ दिसते का, ते टॉर्च लावून पाहा.

धागाकर्ता, दहा दिवसांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. जोडाच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, करंगळीएवढी काळी रेघ होती आणि गॅस्केट एका बाजूला चेपून कागदासारखे पातळ झाले होते. गंजलेल्या नटांवर रात्रभर भेदक तेल सोडून ठेवले, तरी एक नट सुटताना स्टडच्या आट्यांसकट आला आणि स्टड नवा घालावा लागला. नवे गॅस्केट बसवताना मागचा ब्रॅकेट सैल ठेवला, हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे पिळले आणि शेवटी ब्रॅकेट आवळला. सायलेन्सर उघडला तेव्हा पुढच्या निम्म्या भागात वूल नावालाही नव्हते, मागे राखाडी गोळे तेवढे होते.

फटाके आता जवळजवळ थांबले आहेत. लांब उतारावर क्वचित एखादा येतो. बसल्या जागी ऐकू येणारा आवाज आणि मागे उभ्या माणसाला ऐकू येणारा आवाज यांत फार फरक असतो हे लक्षात आल्यामुळे मी मित्राला गाडी देऊन स्वतः रस्त्याकडेला उभा राहिलो. कर्कशपणा गेला आहे आणि ठोका पूर्वीसारखा भरीव आला आहे. चढावर मात्र अजूनही गिअर उतरवावा लागतो. पुंगळी मागवली आहे, ती बसवल्यावर त्याच चढावर पाहून इथेच लिहीन.