जंगलाला लागून रान आहे, जाळरेषा किती रुंद हवी? लवकर सांगा

काठावरचा
मदत हवी आहे, शक्यतो आजच. जंगलाच्या हद्दीला लागून आमची जमीन आहे. वसंत लागला तरी पावसाचा थेंब नाही, गवत वाळून खडखडीत झालंय आणि दुपारी जोराचा वारा सुटतो. वणवा आत शिरू नये म्हणून हद्दीवर जाळरेषा काढायची आहे. किती फूट रुंद काढू? कुणी सहा म्हणतं, कुणी तीस. फक्त आकडा सांगा, बाकीचं मी बघतो.

रानवाट
नुसता आकडा कसा सांगणार? गवत किती उंच आहे? जमीन सपाट की उताराची? जंगल खालच्या अंगाला की वरच्या? घर आहे का तिथे?

काठावरचा
गवत कमरेएवढं. उतार आहे, जंगल खाली. घर वरच्या टोकाला, लाकडी. आता तरी आकडा मिळेल का?

उत्तरवारा
आता बोलता येईल. रेषा ज्वाळेच्या उंचीच्या दीडपट तरी रुंद हवी, आणि गवताची ज्वाळा गवतापेक्षा दोन-तीन पट उंच जाते. म्हणजे सपाट जागी, वारा नसताना 12 ते 15 फूट. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी उलट आहेत. आग चढावर धावते. उतार 10 अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. तीस फुटांच्या आत थांबू नका. आणि रेषा म्हणजे गवत कापून तिथेच पसरणं नव्हे. मुळांसकट खरवडून माती दिसली पाहिजे, काढलेलं गवत जंगलाच्या बाजूला ढीग न करता लांब न्यायचं.

जुनं खोड
तीस फूट खरवडायला माणसं कुठून आणणार? पट्टा जाळून टाका. पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना, खालून-वरून दोघं झोडण्या घेऊन उभे. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. एका सकाळचं काम आहे.

उत्तरवारा
कृपा करून हे करू नका. वाळलेलं गवत तासाभरात हवेइतकं कोरडं होतं, पहाटेच्या दवावर भरवसा ठेवायचा नसतो. 2022 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 6 एप्रिलला वनखात्याच्या प्रशिक्षित लोकांनी आखणी करून आग लावली होती. वाऱ्याने ती हाताबाहेर गेली आणि दुसऱ्या आगीला मिळून 3 लाख 40 हजार एकरांहून जास्त पसरली. त्या राज्याच्या इतिहासातली सर्वात मोठी आग. त्यांच्याकडे बंब होते, माणसं होती. इथे दोघं आणि झोडण्या.

जुनं खोड
एका उदाहरणावरून पद्धत मोडीत काढू नका. जाळायचंच नाही म्हटलं की पाचोळा साचत जातो आणि मग खरा भडका उडतो. जगभर लोक मुद्दाम जाळतात ते वेडे म्हणून नाही.

उत्तरवारा
पद्धतीला विरोध नाही, वेळेला आहे. झाडांना अजून पालवी नाही, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. जुनं गवत मेलेलं, नवं अजून उगवलेलं नाही. ओलावा परत आला की बघा, तेही परवानगी काढून.

चरणी
शेळ्या सोडा. महिनाभरात पट्टा साफ.

रानवाट
शेळ्या झुडपं आणि कोवळा पाला आधी खातात, वाळलेल्या कुसळांना तोंड लावत नाहीत. आणि महिना कुणाकडे आहे?

चरणी
मग गाई सोडा. जनावरं चरायची तेव्हा एवढे वणवे लागत नव्हते. चराईबंदी झाल्यापासून रानाची पार वाट लागली, यावर खरं तर वेगळा धागा हवा.

निरभ्र
उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन घ्या. धूर दिसण्याआधी आग कळते. कुठला घ्यावा ते सांगू शकतो.

सावली
घर लाकडी आहे हे सगळे विसरले. ठिणग्या वाऱ्यावर किलोमीटरभर जातात, तीस फुटांचा पट्टा त्यांना काय अडवणार? जॅक कोहेन या अमेरिकी संशोधकाने हेच दाखवलं आहे: जंगलाच्या ज्वाळा चाळीसेक मीटर लांब असतील तर लाकडी भिंत सहसा पेट घेत नाही, घरं जळतात ती ठिणग्यांनी आणि भिंतीला टेकलेल्या कचऱ्याने. छपराच्या पन्हळीत हात घालून बघा. वरची पानं कुरकुरीत असतील, खाली बोटाने चुरा होणारा भुगा. एक ठिणगी पुरते. भिंतीपासून पाच फुटांत जळण, चटया, सुकी झुडपं काही ठेवू नका. माझ्या मते आधी हे, मग रेषा.

काठावरचा
पन्हळ आजच बघतो. रेषा खरवडूनच काढणार. गवत कापायला माणूस उद्या दुपारी यंत्र घेऊन येतोय. आणि शेजाऱ्यांनी थंडीत हद्दीवर फांद्यांचा मोठा ढीग जाळला होता, त्याची राख रेषेच्या मधेच येते. तिच्यावरून पट्टा नेला तर चालेल ना?

रानवाट
हे आत्ता सांगताय! दुपारी यंत्र चालवू नका. लोखंडी पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. भल्या सकाळी उरका, शेजारी पाण्याचा पंप भरून ठेवा आणि काम संपल्यावर तासभर तरी कुणीतरी तिथेच थांबा.

उत्तरवारा
त्या राखेकडे आजच जा. वर सांगितलेली ती दुसरी आग म्हणजे जानेवारीत जाळलेले ढीग. बर्फ पडून गेलं तरी आत धुमसत राहिले आणि एप्रिलच्या वाऱ्यात पेटले. ढीग किती मोठा होता? खाली जाड बुंधे होते का?

काठावरचा
होते. एक बुंधा अजून अर्धवट दिसतोय. पण धूर नाही.

उत्तरवारा
धूर नसला म्हणजे विझलं असं नाही. आधी पालथा हात राखेच्या वर धरून ऊब लागते का बघा. मग फावड्याने कडेपासून आत उकरत जा, थरावर थर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, चिखल होईपर्यंत. बुंध्याखालची मुळंही उकरा, आग मुळांतून सरकते. कुठेही वाफ आली किंवा चुर्रर्र आवाज झाला तर अग्निशमन दलाला लगेच कळवा आणि वारा सुटायच्या आत पाणी तिथेच चालू ठेवा.

जुनं खोड
हे मात्र बरोबर सांगितलं. एकटे जाऊ नका.

काठावरचा
निघालो, भाऊ सोबत आहे. उकरून झालं की इथेच लिहितो.

निरभ्र
ड्रोनचं काय ठरलं?